अबोलीचा कौल

शांताराम गुरवांची आठवण आली की मला आधी राग येतो. बाकीचं सगळं नंतर येतं. माणूस चांगला होता, हाक मारली की धावून येणारा होता, कामात हुशार होता, हे सगळं मला मान्य आहे. पण कुवेतमधल्या फरवानियातल्या आमच्या इमारतीत आम्ही सहा वर्षं शेजारी होतो आणि त्या सहा वर्षांत मी कुठलाही साधा प्रश्न विचारला, तर उत्तर ठरलेलं असे, "इचारून सांगतंय."

शुक्रवारी जेवायला येता का? इचारून सांगतंय. यंदा सुट्टी कधी घेणार? इचारून सांगतंय. एकदा लिफ्टमध्ये मी नुसतं म्हणालो, "गुरव, उद्या धुळीचं वादळ येणार म्हणतात." तेव्हाही त्यांच्या तोंडून सवयीने "इचारून" एवढं निघालंच, आणि मग ते स्वतःच ओशाळून हसले.

कोणाला विचारणार, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. देवीला. आणि देवीला विचारायचं तर अबोलीचं फूल लागायचं. तेही ताजं आणि स्वतःच्या झाडाचं. झाडावर फूल नसेल तर गुरवांचे सगळे निर्णय अडून राहायचे. मी एका खासगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. माझ्या कामात नमुना आला की तपासायचा, आकडा आला की लिहायचा, आणि आकड्याप्रमाणे पुढे वागायचं. मला हा प्रकार सहन होणं कठीणच होतं.

गुरव वेंगुर्ल्याकडच्या एका खेड्यातले. घराणं गावच्या देवीच्या पुजाऱ्यांचं. पूजेची पाळी भावाकडे राहिली आणि हे एसीचं काम शिकून कुवेतला आले. अम्गऱ्याच्या, म्हणजे इथल्या भंगारबाजाराच्या, एका वर्कशॉपमध्ये जुने एसी खोलून दुरुस्त करायचं काम करायचे. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळे, खिशात नेहमी एक स्क्रूड्रायव्हर. आमच्या वरच्या, म्हणजे चौथ्या मजल्यावर त्यांची एकट्याची लहानशी खोली होती. त्या खोलीत एक पलंग, एक खिडकीतला एसी, फळीवर देवीचा तळहाताएवढा पितळी मुखवटा, आणि उरलेल्या जागेत अबोली.

आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी एका सकाळी मला लांबच लांब झालेली दिसली. कोणीतरी तिला दुसरी नळी जोडून ती जिन्याच्या खिडकीतून आत घेतली होती आणि तिचं टोक एका निळ्या कॅनमध्ये सोडलं होतं. कॅनजवळ गुरव उकिडवे बसले होते.

"ही माझी नळी आहे," मी म्हणालो.

"नळी तुमची. पाणी तुमी टाकूनच देतास मा?"

"विचारायचं तरी!"

"इचारलेलंय," ते शांतपणे म्हणाले. कोणाला, ते मला पुढे कळलं.

नळाचं पाणी का चालत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ह्या पाणी समुद्रातला. कितीव गोडा केलास तरी झाडाक कळता." मी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातलं क्षार मोजायचं यंत्र घरी आणलं. एसीच्या पाण्याचा आकडा जवळजवळ शून्य आला, नळाच्या पाण्याचा शंभराच्या वर. मी तो त्यांना दाखवला. वाटलं होतं, खूश होतील. ते म्हणाले, "यंत्रान पण ताच सांगितल्यान काय? बरा झाला." म्हणजे माझ्या यंत्राने त्यांच्या अबोलीची परीक्षा पास केली होती.

तिथून माझी वही सुरू झाली. ऑगस्टच्या दमट दिवसांत माझा एक एसी दिवसाला अकरा लिटर पाणी द्यायचा, जूनच्या कोरड्या दिवसांत जेमतेम एक. थंडीत एसी बंद, म्हणजे पाणीही बंद. त्यामुळे गुरव उन्हाळाभर कॅन भरून ठेवायचे आणि हिवाळाभर ते पाणी पुरवायचे. त्यांच्या न्हाणीघरात आंघोळीला जागा नसे. एका पायावर उभं राहून अंगावर पाणी घ्यावं लागे, असं ते स्वतःच कौतुकाने सांगायचे.

अबोली हे तसं हट्टी झाड नाही. कोकणात पायरीच्या फटीतही उगवतं, पावसाळा सोसतं आणि वर्षभर फुलतं. कुवेतमध्ये मात्र सगळंच त्याच्या विरुद्ध. उन्हाळ्यात पन्नास अंशांचा कोरडा वारा पानांच्या कडा भाजून काढतो, थंडीत ते गोठल्यासारखं गप्प बसतं, आणि इथल्या मातीत पानं पिवळी पडतात. गुरवांनी इथली माती घेतलीच नाही. काथ्याची पायपुसणी विकत आणून ते ती नखांनी पिंजायचे, त्यात मेंढ्यांच्या बाजारातून आणलेलं जुनं लेंडीखत मिसळायचे, आणि तळाला अम्गऱ्याच्या भंगारातले गंजलेले खिळे टाकायचे. "लोखंड लागता तिका." मी म्हणालो, गंजलेल्या खिळ्यातलं लोह झाडाला इतक्या सहज मिळत नाही, त्यासाठी नर्सरीत वेगळी पावडर मिळते. पावडर आणून दिली. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. सगळ्यात त्रासाची गोष्ट अशी की झाडं हिरवीगार होती. तेलाच्या अठरा डब्यांत अठरा झाडं, आणि पिवळं पान मी दोन वर्षांत सातदाच पाहिलं.

माझ्या मुलीला, मृण्मयीला, त्यांच्याविषयी फार प्रेम. एकदा तिला त्यांनी अबोलीचं वाळलेलं बोंड तळहातावर दिलं. "मूठ मिटू नको, बाय. आता बघ." बोटाने एक थेंब पाणी त्यावर सोडलं आणि स्वतः श्वास रोखून बसले. मी घड्याळ बघत होतो. अठराव्या सेकंदाला टक् असा आवाज झाला आणि एक बी माझ्या चष्म्याच्या काचेवर येऊन आदळलं.

"दॅट्स सो कूल! अगेन, अगेन!" मृण्मयी ओरडली.

"पावस पडल्याबगर ती बी टाकणा नाय," गुरव म्हणाले. "ओल लागली काय मगेच. शाणी असा." मग माझ्या चष्म्यावरचं बी बोटाने टिपून त्यांनी खिशात ठेवलं. बोंडातलं दुसरं बी ते जमिनीवर ओणवे होऊन शोधत राहिले, आणि माझी चहाची वेळ टळून गेली.

हे डबे आधी गच्चीवर होते. एकदा इमारतीच्या हारिसने, म्हणजे राखणदाराने, सांगितलं की बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, तपासणी होणार आहे, गच्ची रिकामी करा. हारिस इजिप्तचा, आवाज मोठा. गुरवांनी त्याला हिंदीत सांगितलं, "पूछके बताता हूँ." गुरव मालकाला विचारत असतील असं समजून तो थांबला. दोन तासांनी गुरव खाली आले आणि म्हणाले, हो म्हणाली. कोण हो म्हणाली, हे त्याला कधीच कळलं नाही. अठरा डबे त्यांनी एकट्याने खोलीत उतरवले आणि त्या दिवसापासून ते झाडांमध्ये झोपू लागले.

आता कौलाविषयी सांगायला हवं, कारण ज्यांनी कोकणातलं देऊळ पाहिलेलं नाही त्यांना हे समजणार नाही. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्याने एकेक फूल किंवा पाकळी चिकटवतात आणि प्रश्न सांगतात. देवीच्या उजव्या बाजूचं फूल आधी पडलं तर होकार, डाव्या बाजूचं पडलं तर नकार. गुरवांच्या देवळात या कामाला अबोली वापरत. फूल पातळ, पंख्यासारखं एकाच बाजूला पसरलेलं, त्यामुळे पितळेला छान चिकटून बसतं. आधी गाऱ्हाणं घालायचं, आणि गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला दुसऱ्या कोणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दुसरं कोणी नसल्यामुळे ते मी म्हणायचो. माझी बायको वसुधा दारातून तोंडाला पदर लावून हसायची.

मी बसल्या बसल्या नोंदी ठेवल्या. दीड वर्षात एकतीस कौल मी स्वतः पाहिले. त्यातली चोवीस फुलं उजवी पडली. कारण उघड होतं. फळीवरच्या मुखवट्याच्या उजव्या अंगाला एसी होता. तिकडचं फूल आधी सुकणार आणि आधी पडणार. मी हे वसुधाला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना सांगू नका. होकार येतोय तर येऊ दे." मला ते पटलं नाही, पण सांगणंही जमलं नाही. जुनी गाडी घेऊ का, वर्कशॉप बदलू का, पुतण्याला इथे बोलावू का, असले प्रश्न. होकारांनी कोणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते जानेवारीत. अम्गऱ्याला भंगारातून चालताना एक स्क्रू बुटातून त्यांच्या उजव्या पायात घुसला, अंगठ्याशेजारच्या बोटाला. त्यांना आठ दिवस कळलंच नाही, कारण साखरेमुळे पायाला संवेदनाच उरली नव्हती. दवाखान्यात मी स्वतः त्यांचं रक्त घेतलं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा अकरा पूर्णांक दोन. आमच्या डॉक्टर बाईंनी पायाचा एक्स-रे काढून घेतला आणि त्यांना मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. तिथे सर्जनने स्पष्ट सांगितलं, हाडापर्यंत गेलं आहे. बोट लगेच काढलं तर पाय वाचेल. आठवडाभरापेक्षा जास्त थांबू नका.

गुरव मला म्हणाले, "इचारून सांगतंय."

मी तिथेच, हॉस्पिटलच्या दारात, त्यांच्यावर ओरडलो. "गुरव, हे गाडी घेण्यासारखं नाही! सही करा!"

"म्हणानच इचारूक व्हया."

आणि अठराच्या अठरा झाडांवर एक फूल नव्हतं. खोलीचं पहाटेचं तापमान चौदा अंश. फुलांची कणसं धरलेली होती, पण मिटलेली. हिरव्या खवल्यांच्या आत सगळं थांबलेलं.

मी त्याच दिवशी गजरे विकणाऱ्या केरळी दुकानात गेलो. तिथे विमानाने आलेली अबोली मिळते, गडद केशरी. पुडी घेऊन आलो. गुरवांनी एक फूल उचलून देठाकडून पाहिलं आणि परत ठेवलं. "ही दिल्ली अबोली. हिका बीच धरणा नाय. खयच्या झाडाची, कोणी तोडल्यान, काय म्हायत? हेच्यार पायाचो इचार करू?"

"फूल म्हणजे फूल!"

"रक्त म्हणजे रक्त, असा तुमी म्हणतास काय? माझा रक्त दुसऱ्याच्या नावार घालतास?"

हे त्यांनी माझ्याच कामातलं काढलं होतं, आणि त्याचाच जास्त संताप आला. त्यांची झाडं देवळाच्या अंगणातल्या बीची होती, वंशच तो होता.

मग मी जे केलं ते मी आयुष्यात करीन असं वाटलं नव्हतं. एका माणसाने ऑपरेशनच्या कागदावर सही करावी म्हणून मी अबोली फुलवायला बसलो. घरातला तेलाचा हीटर चौथ्या मजल्यावर नेला. सगळ्यात पुढे असलेली तीन झाडं निवडली, त्यांच्यावर ट्यूबलाइट टांगली, डबे भिंतीपासून दूर सरकवले, साठवलेलं पाणी कोमट करून घातलं. पहाटेचं तापमान एकवीसवर आणलं. रोज संध्याकाळी कामावरून आलो की आधी पायाचं ड्रेसिंग आणि मग कळीची मोजणी. वहीच्या डाव्या पानावर कळी, उजव्या पानावर पाय. पायावरच्या लालीच्या कडेला मी बॉलपेनने रेघ मारायचो आणि दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या किती पुढे गेली ते पट्टीने मोजायचो. तिसऱ्या दिवशी कळी दोन मिलिमीटर, लाली चार. पाचव्या दिवशी कळी तीन, लाली नऊ. मी ती दोन्ही पानं त्यांच्यापुढे धरली.

"बघा. कोण जिंकतंय ते तुम्हीच बघा."

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "अक्षर सुंदर असा तुमचा," म्हणाले.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मधल्या झाडाच्या कणसाला खालच्या बाजूला दोन फुलं उमलली. फिक्या केशरी रंगाची, सुरकुतलेली, नुकती उलगडलेली. मला इतका आनंद झाला की वसुधाला उठवायला मी जिना उतरून धावलो. सर्जनने दिलेली मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती.

गुरवांनी आंघोळ केली, आजारी पाय पुढे लांब करून फळीसमोर बसले, फुलं ओली करून मुखवट्याच्या दोन्ही गालांना लावली आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, लेकराचा बोट काढूक सांगतत. काढूचा असात तर उजवी दी." मी "व्हय म्हाराजा" म्हणालो. इतक्या मनापासून मी ते कधी म्हटलं नव्हतं.

एसी बंद होता. खोली शांत. सहा-सात मिनिटं गेली आणि मी पाहिलं की डावीकडच्या फुलाची कड वळायला लागली आहे. उजवीकडचं तसंच ताजं. मग माझ्या लक्षात आलं. हीटर. तो मुखवट्याच्या डाव्या अंगाला, तीन फुटांवर होता. माझा हीटर, मीच आणलेला.

हीटर माझ्या पायाशी होता. पायाच्या नुसत्या रेट्याने तो वीतभर सरकला असता, बटण तर अंगठ्याने बंद करता आलं असतं. गुरवांचे डोळे मिटलेले होते. मी हललो नाही. प्रयोग चालू असताना हात लावायचा नाही, ही सत्तावीस वर्षांची सवय. शिवाय ती त्यांची देवी होती, खोटेपणा करणारा मी कोण, असंही वाटलं. मी घड्याळ बघत बसलो. अकराव्या मिनिटाला डावं फूल पडलं.

"नाय म्हणाली," गुरव म्हणाले.

"हीटरमुळे पडलं ते!" मी ओरडलो. "त्या बाजूला हीटर आहे. ते आधी सुकणारच. पुन्हा लावा, हीटर बंद करतो."

"एका प्रश्नाक एकच कौल. अमाशा होयसर परत इचारूचा नाय."

"मग प्रश्न बदला! बोटाचं विचारू नका. डॉक्टरचं ऐकू का, असं विचारा."

"म्हणजे तोच प्रश्न, शर्ट तेवढो बदललेलो. तिका काय कळणा नाय?"

"गुरव, हीटरने पाडलं!"

"हीटर कोणी आणलो? तुमी. तुमका कोणी धाडल्यान?"

मी वही तिथेच टाकून खाली आलो. वसुधाला म्हणालो, यापुढे त्या माणसाच्या खोलीत पाय ठेवणार नाही. चार दिवस गेलोही नाही. ड्रेसिंग वसुधा करून यायची. "लाली घोट्याला आली," ती सांगायची, आणि मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं करायचो. ते चार दिवस मी स्वतःला माफ केलेले नाहीत, पण तो वेगळा विषय.

पाचव्या दिवशी ते अम्गऱ्याला तापाने कोसळले. वर्कशॉपमधल्या लोकांनी त्यांना थेट हॉस्पिटलात नेलं आणि तिथे पायाचा पुढचा अर्धा भाग काढावा लागला. एक बोट गेलं असतं, त्याऐवजी पाची गेली. दोन आठवड्यांनी सर्जनने पुन्हा बोलावलं. जखम वर सरकत होती. आता गुडघ्याखालून पाय काढायचा, नाहीतर माणूस जाईल, असं त्याने मला बाहेर कॉरिडॉरमध्ये सांगितलं. जवळचा नातेवाईक म्हणून गुरवांनी माझंच नाव लिहून दिलं होतं.

गावाहून गुरवांच्या पुतण्याचा मला फोन आला. "काका, तेंका सांगा, देवीक इचारूक." मी हो म्हणालो. आणि त्या वेळी मी पूर्ण तयारीनिशी गेलो. आता झाडं फुलत होती. मी घरी पाच वेळा प्रयोग करून पाहिला होता. डावं फूल चांगलं भिजवायचं, उजव्याला नुसतं ओलं बोट लावायचं; पाचही वेळा उजवं आधी पडलं. डब्यात मुखवटा, चार फुलं, लहान बाटलीत एसीचं पाणी. आयुष्यात पहिल्यांदा मी आकडा हवा तसा पाडायला निघालो होतो आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

वॉर्डमध्ये गुरव उशीला टेकून बसले होते. बारीक झाले होते. मी डबा उघडला. त्यांनी फुलं पाहिली, एक हातात घेऊन देठ चाचपला. "बरी फुलली. पाणी कमी करा आता."

"मी लावतो," मी म्हणालो. "तुम्ही फक्त गाऱ्हाणं घाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले. "उजवा सुका लावतलास मा?"

माझा चेहराच उतरला.

"सायबानू, एसीची कामा करून पस्तीस वर्सा झाली माका. वारो खयसून येता आणि खय जाता, ता माका कळणा नाय? देवीच्या उजव्या अंगाक एसी कोणी बसवलो? मियाच."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्या देवळात पण खिडकी असा. माझ्या बापाशीक कळा, माका पण कळता."

"मग त्या दिवशी हीटर..."

"तुमी तो दाराकडे ठेवलेलो. फुला उमाळली ती मी पाटेकच बघलंय. तुमी येवच्या आदी हीटर मियाच सरकवलंय."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि इतका राग आला की बोलताना माझा आवाज चिरकला. "का? कशासाठी?"

गुरवांनी फूल डब्यात परत ठेवलं. "भियालंय," ते म्हणाले. "बापाशीचा असाच बोट काढल्यानी. मगे पाय. मगे तो गेलो. माका नाय म्हणूचा होता, पण माझ्या तोंडातसून येय नाय. डॉक्टराक कसा म्हणू? तुमका कसा म्हणू? तुमी दहा दिवस माझ्या झाडांक पाणी ऊन करून घालीत होतास. म्हणान तिच्याकडसून म्हणवन घेतलंय."

"मी तिथे बसलो होतो," मी म्हणालो. "डावं फूल सुकताना मला दिसत होतं. हीटर माझ्या पायाशी होता. एका लाथेत सरकवला असता."

"मगे कित्याक नाय सरकवलास?"

शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला नर्स इंजेक्शन देत होती. तिचं होईपर्यंत आम्ही दोघे तिकडेच बघत राहिलो.

मग ते म्हणाले, "ता डबो बंद करा. ह्या येळेक तिका इचारूचा नाय. तिना एकदा माझा आयकल्यान आणि गप रवली. परत परत तिच्या अंगार टाकूचा बरा दिसणा नाय." आणि त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं पाणी हवं आहे. त्यांना पेन हवं होतं.

सही करायला त्यांना वेळ लागला. अरबी आणि इंग्रजी कागद, तीन ठिकाणी. त्यांनी तिन्ही ठिकाणी पूर्ण नाव लिहिलं, मराठीत, एकेक अक्षर सुटं.

त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही. ऑपरेशन नीट झालं, पण त्याच आठवड्यात मृण्मयीच्या प्रवेशासाठी मला पुण्याला जावं लागलं, आणि मी परत यायच्या आत पुतण्या येऊन त्यांना हॉस्पिटलातूनच गावी घेऊन गेला. तिकडे ते आहेत, कृत्रिम पायाने चालतात, फोनवर बोलतात. मी अजून फोनवर त्यांच्याशी भांडतो. ते ऐकून घेतात आणि झाडांना किती पाणी घालायचं ते सांगतात, आणि मी जे घालतो ते नेहमीच जास्त असतं. अठरापैकी अकरा उरली आहेत.

पण मला डोळ्यांसमोर दिसतात ते त्या दुपारचे गुरव. सही झाल्यावर तासाभराने त्यांना न्यायला माणूस आला. त्यांना चाकांच्या पलंगावर घेतलं, छातीपर्यंत हिरवी चादर ओढली. मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत बरोबर चाललो. तिथून पुढे आत जाऊ देत नाहीत. दार उघडलं, पलंग वळला, आणि मी चादरीच्या खालच्या टोकाकडे पाहिलं. दोन उंचवटे होते, एक लांब, एक आखूड, अर्ध्या पावलाचा. मी दोन्ही नीट पाहून घेतले. मग दार मिटलं.